पगार सरकारचा, हुकूम आयोगाचा

निवडणूक जाहीर झाली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आपल्या घरांतून एक वाक्य हमखास कानी पडते, "आमच्या ह्यांची ऑर्डर आली." कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असतो, कोणी पंचायत समितीत कारकून, कोणी नगरपरिषदेत, कोणी तलाठी कार्यालयात. ऑर्डर आली की घरात धांदल सुरू होते. पिशवीत चादर, टॉर्च, भाकरी-चटणी, डासांची अगरबत्ती. पहाटेच्या एस.टी.ने निघायचे, साहित्य घ्यायचे, आणि रात्र कुठल्यातरी अनोळखी शाळेच्या बाकावर काढायची. कर्जतचा माणूस सहसा दुसऱ्या मतदारसंघात जातो आणि तिकडचा माणूस आपल्या कशेळे-कळंबकडील वाड्यांवर येतो. तिसऱ्या दिवशी डोळे तांबारलेले घेऊन घरी परततो, आणि मग सारे विसरून जातात.

मागे एका वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन संपल्यावर अशाच गप्पा निघाल्या होत्या. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका ताईंनी सरळ प्रश्न केला, "दादा, निवडणूक आयोग एवढा मोठा, तर त्याची स्वतःची माणसं नाहीत का? दर वेळी आमच्यातलीच का धरून नेतात? आणि त्या दिवशी आमचा साहेब कोण, बीडीओ की आयोग?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो थेट राज्यघटनेच्या गाभ्याला हात घालणारा आहे. त्याचे उत्तर प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ सालीच देऊन ठेवले आहे. नोकरीत असणाऱ्या प्रत्येक समाजबांधवाने आणि भगिनीने ते समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

उसन्या माणसांचा आयोग

भारताचा निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची नेमणूक त्याच वर्षी मार्च महिन्यात झाली. तेव्हापासून आजपर्यंत दिल्लीत आयोगाचे स्वतःचे असे सचिवालय आहे खरे, पण त्यात माणसे काही शेकड्यांनीच मोजावी लागतात. आणि निवडणुकीला लागतात किती? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात सुमारे ९७ कोटी मतदार आणि साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. सुरक्षा कर्मचारी धरून दीड कोटी माणसे कामाला लावल्याचे आयोगाने सांगितले होते. काही शेकडा माणसांचे कार्यालय आणि दीड कोटी हात! हे हात आले कुठून? ते आपलेच होते.

घटनेच्या ३२४ व्या कलमाच्या सहाव्या खंडात याची तरतूद आहे. आयोगाने मागणी केली की राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी आवश्यक तेवढा कर्मचारीवर्ग आयोगाला उपलब्ध करून द्यावयाचा. येथे सरकारच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, ते घटनेने घातलेले कर्तव्य आहे.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा यांच्या निवडणुका घेणारा आयोग वेगळा. तो राज्य निवडणूक आयोग. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेले २४३-के हे कलम त्याला लागू आहे. तेथेही मनुष्यबळाची पद्धत हीच: आयोगाने मागावे आणि राज्यपालांनी द्यावे. म्हणून आपल्या हाती ऑर्डर पडली की प्रथम शिरोभागी पाहावे की ती कोणत्या आयोगाच्या निवडणुकीसाठी आहे.

बाबासाहेबांनी काय योजले?

१५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत निवडणूक आयोगाचे कलम सुधारित स्वरूपात मांडले. पूर्वीच्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांचे वेगळे आयोग होते. ते बाजूला सारून बाबासाहेबांनी सर्व देशासाठी एकच आयोग सुचविला. कारणही त्यांनी स्पष्ट सांगितले. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत येऊच नयेत, अशी कारस्थाने होत असल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. ज्याचे नाव यादीतून गळाले त्याचे मत गळाले, आणि ज्याचे मत गळाले त्याला लोकशाहीत विचारतो कोण? गावकुसाबाहेरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या कुलाबा जिल्ह्यात महाडचे पाणी मिळवण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो जिल्हा म्हणजेच आजचा आपला रायगड.

आयोगाला स्वतःचा मोठा फौजफाटा द्यावा का, या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका व्यवहारी होती. निवडणूक काही रोज होत नाही. मधल्या काळात एवढी माणसे बसवून पोसणे गरीब देशाला परवडणारे नाही. तेव्हा प्रांतिक सरकारांकडून माणसे उसनी घ्यावीत. परंतु येथेच त्यांनी कळीचा मुद्दा घातला. उसना घेतलेला कर्मचारी त्या काळात सरकारच्या आज्ञेत राहणार नाही, तो आयोगाला जबाबदार राहील.

पगार देणारा हात आणि हुकूम देणारा हात त्यांनी वेगळे केले, ते असे. ज्याच्या हाती भाकरी त्याच्या हाती चाबूक, हा आपल्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. निदान मतपेटीपुरता तरी हा रिवाज मोडावा, अशी ही योजना आहे.

मुख्य निवडणूक आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, संसदेच्या कठीण प्रक्रियेनेच काढता येते. नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. तरीही बाबासाहेब तेवढ्यावर समाधानी नव्हते. शिब्बनलाल सक्सेना यांनी आयुक्ताच्या नेमणुकीवर संसदेचे शिक्कामोर्तब असावे असा आग्रह धरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी उत्तर देताना बाबासाहेबांनी मोकळेपणाने मान्य केले की या शंकेत तथ्य आहे. खुर्चीला संरक्षण दिले, पण सरकारच्या मुठीतला माणूसच त्या खुर्चीवर बसवला तर त्या संरक्षणाचा उपयोग काय? हा प्रश्न पुढे चौऱ्याहत्तर वर्षे तसाच राहिला. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांची समिती सांगितली. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. तीनपैकी दोघे सरकारचे. वाचकांनी याचा विचार स्वतःच करावा.

प्रतिनियुक्ती म्हणजे काय?

घटनेत तरतूद झाली तरी कर्मचाऱ्यावर शिस्तीचा अधिकार नेमका कोणाचा, याचा वाद मिटला नव्हता. १९८९ मध्ये कायद्यात दोन कलमे वाढविण्यात आली. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १३-सीसी मतदार यादीचे काम करणाऱ्यांसाठी आहे. १९५१ च्या कायद्यातील कलम २८-ए प्रत्यक्ष निवडणुकीचे काम करणाऱ्यांसाठी. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी आणि नेमून दिलेले पोलीस हे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. त्या काळात ते आयोगाच्या नियंत्रणाखाली, देखरेखीखाली आणि शिस्तीखाली असतात.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या काळात त्या कामापुरता साहेब आयोग. बीडीओ नाही, सभापती नाही, आमदार नाही, मंत्रीही नाही.

हे कागदावर आले, पण सरकारांच्या पचनी पडले नाही. टी. एन. शेषन १९९० च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि त्यांनी या मुद्द्यावर सरकारशी उघड झुंज घेतली. २ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी आदेश काढला की कर्मचाऱ्यांवरील आयोगाचा अधिकार मान्य होईपर्यंत देशात निवडणुकाच होणार नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर सप्टेंबर २००० मध्ये केंद्र सरकार आणि आयोग यांच्यात ठरलेल्या अटी न्यायालयाने नोंदवून घेतल्या. त्यानुसार कर्तव्यात कसूर करणाऱ्याला आयोग निलंबित करू शकतो, त्याच्या जागी दुसरा नेमू शकतो, अहवालासह त्याला मूळ खात्यात परत पाठवू शकतो. आयोगाने शिस्तभंगाची शिफारस केली तर खात्याने त्वरित कार्यवाही करून सहा महिन्यांत आयोगाला कळवावयाचे आहे.

एका केंद्रावरची गोष्ट

आता पुस्तकातून केंद्रावर येऊ. आमच्या पाहण्यातील एक प्रसंग आहे. गाव आणि साल सांगत नाही, कारण माणसे अजून नोकरीत आहेत.

डोंगराच्या पायथ्याचे केंद्र. दुपारी एक कातकरी बाई लाकडाची मोळी बाहेर टेकवून आत आली. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी पाहिली, तर तिच्या नावावर रेघ पडलेली, म्हणजे मतदान झालेले. तिच्या बोटाला मात्र शाई नाही. ओळखपत्र तिचेच, फोटो तिचाच. एका उमेदवाराचा प्रतिनिधी हसून म्हणाला, "जा बाय, पुढल्या टायमाला लवकर ये." बाई वळलीही होती.

केंद्राध्यक्ष आपल्याच समाजातले एक गुरुजी. त्यांनी तिला थांबवले. दोन-चार प्रश्न विचारून खात्री करून घेतली आणि पाकिटातून मतपत्रिका काढली. नियमात याला प्रदत्त मत म्हणतात. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल, तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. ती बंद लिफाफ्यात वेगळी ठेवली जाते. लगेच मोजली जात नाही, पण निकालाविरुद्ध याचिका झाली तर न्यायालय तिचा विचार करू शकते.

तेवढ्यात बाहेरून स्थानिक पुढारी आले. "मास्तर, कशाला उगाच वाढवताय? बदल्या कुठून होतात ठाऊक आहे ना?" गुरुजींनी मान वर न करता सांगितले, "भाऊ, उद्यापासून मी झेडपीचा. आज मी आयोगाचा आहे. आपण शंभर मीटरच्या बाहेर जावं." आणि त्यांनी तो प्रकार केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत लिहिला.

त्या बाईने शिक्का मारला, मोळी उचलली आणि गेली. तिचे मत त्या दिवशी मोजले गेले नाही हे खरे. पण तिचे मत चोरीला गेले, याची सरकारी कागदावर नोंद झाली. नियम माहीत नसलेला केंद्राध्यक्ष असता, तर ती नोंदही झाली नसती.

चौथ्या दिवशी काय?

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. पुढे बदल्यांचा मोसम आला तेव्हा दोन महिने त्या गुरुजींच्या घरात कोणाला नीट झोप नव्हती. त्यांच्या पत्नी रोज विचारायच्या, "यादी लागली का?" बदली झाली नाही. पण ते दोन महिने त्यांना कोण भरून देणार?

आमचे म्हणणे नेमके येथे आहे. दिल्लीतील आयुक्ताच्या खुर्चीला घटनेचे कवच आहे. केंद्रावरच्या कारकुनाला ते निकाल लागेपर्यंतच आहे. निकालानंतर तो त्याच कार्यालयात, त्याच साहेबासमोर, त्याच पुढाऱ्याच्या तालुक्यात परततो. २००० सालच्या अटी चुकार कर्मचाऱ्याला धडा शिकवण्यासाठी आहेत आणि त्या हव्यातच. परंतु सरळ वागला म्हणून ज्याच्यावर डूख धरला जातो, त्याच्यासाठी त्यांत काही नाही.

आयोगाच्या स्वतःच्या घरातही ही उणीव आहेच. तुलनेला लोकसेवा आयोग पाहा, ज्याच्या परीक्षांसाठी आपली मुले रात्री जागतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे सदस्य व कर्मचारी किती असावेत आणि त्यांच्या सेवाशर्ती काय, हे कलम ३१८ प्रमाणे राज्यपाल विनियमांनी ठरवितात. कलम ३२२ प्रमाणे त्याचा पगारासह सर्व खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे. म्हणजे विधिमंडळात त्यावर चर्चा होऊ शकते, पण मत घेऊन तो कापता येत नाही. निवडणूक आयोगाच्या खर्चाला असे संरक्षण नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात आयोगाला लोकसभेसारखे स्वतंत्र कायम सचिवालय द्यावे, अशी शिफारस केली होती. घटनेत तसा बदल झालेला नाही.

आमच्या ताई आणि मतदार यादी

मतदानाची कामगिरी तीन दिवसांची, पण यादीचे काम बारमाही. ते करतात बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव अधिकाऱ्याचे, आणि काम करणारी बहुतेक वेळा प्राथमिक शिक्षिका किंवा मानधनावरची अंगणवाडी सेविका. उन्हातान्हात घरोघर फिरायचे, मेलेल्यांची नावे कमी करायची, नव्या सुनांची चढवायची, मोबाईलवर माहिती भरायची, आणि मग घरी येऊन चूल पेटवायची. त्यांचे वार्षिक मानधन सहा हजारांवरून बारा हजार रुपये करण्याचा निर्णय आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. महिन्याला हजार रुपये! त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक राज्यांत याद्यांच्या विशेष पडताळणीचे काम इतके वाढले की बीएलओंवरील ताणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने ४ डिसेंबर २०२५ रोजी राज्यांना जादा माणसे द्यायला सांगितले.

शिक्षकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच म्हटले आहे की यादीचे आणि निवडणुकीचे काम शक्यतो सुटीच्या व बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने निवडणुकीचे काम शिक्षकाला देता येते हे मान्य केले आहे. तेव्हा काम टाळता येणार नाही, पण वर्ग बंद पाडून ते करवून घेऊ नये, हे म्हणता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेवटी मुले कोणाची असतात? आपली, आणि ठाकर-कातकऱ्यांची.

तरीही या कामाला कमी लेखू नये. बाबासाहेबांना जी भीती होती ती यादीतून नाव गाळले जाण्याचीच. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे दार बंद दिसले, म्हणून त्याच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहायचे, की शेजारी विचारून ते दिवाळीनंतर जातात आणि पावसापूर्वी येतात हे समजून घ्यायचे, हे त्या ताईंच्या हाती असते. मुद्दाम चुकीची नोंद किंवा नाव गाळणे हा १९५० च्या कायद्याच्या कलम ३२ खाली गुन्हा आहे. त्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आहे.

घरात ऑर्डर आली तर

काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ऑर्डर घेण्यास टाळाटाळ करू नये. आजारपण, बाळंतपण अशी खरी अडचण असेल तर दाखल्यासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वाजवी कारणाविना कामात कसूर केल्यास कलम १३४ खाली दंड होतो, शिस्तभंगाची कारवाई वेगळीच.

दुसरी, ऑर्डरबरोबरच स्वतःच्या मताचा अर्ज भरावा. हजार लोकांचे मतदान करवून घेणारा स्वतः मताविना राहतो, असे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

तिसरी, प्रशिक्षणाला डुलक्या काढू नयेत. अभिरूप मतदान, प्रदत्त मत, नमुना १७-सी हे शब्द तोंडपाठ असावेत. नमुना १७-सी म्हणजे केंद्रावर किती मते पडली याचा हिशेब. त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यावयाची असते.

चौथी, केंद्रावर काही दबाव आला तर तो तोंडी सहन करू नये. दैनंदिनीत वेळेसह लिहावा आणि क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवावा. चौथ्या दिवशी आपल्या बाजूने दुसरे कोणी नसले तरी तो कागद असतो.

पाचवी, आणि ही सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. आपला उमेदवार उभा असला तरी केंद्रावर आपला-परका नाही. उमेदवारासाठी काम करणाऱ्याला केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारी नेमता येत नाही, आणि कामावर असताना कोणाच्या मतावर प्रभाव टाकणे कलम १२९ खाली गुन्हा आहे. निळा झेंडा घराच्या दारावर राहू द्या. केंद्रात बाबासाहेबांचा कायदा घेऊन जा. आपण आपल्या माणसाला झुकते माप दिले, तर उद्या दुसऱ्याने त्याच्या माणसाला दिलेल्या मापाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार?

सहावी गोष्ट समाजाने करावयाची आहे. आपल्यातील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी निवडणुकीनंतर वर्षभर या बांधवांवर लक्ष ठेवावे. निवडणुकीत सरळ काम केलेल्या माणसावर सूडाने कारवाई झाली, तर त्याने एकट्याने खेटे घालू नयेत. आणि केंद्रस्तरावरील कर्मचाऱ्याला निकालानंतरही काही काळ संरक्षण असावे, ही मागणी संघटनांनी आयोगाकडे लावून धरावी.

विहारातील त्या ताई आता त्यांच्या वाडीच्या बीएलओ आहेत. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, आता कोणी म्हणालं की अमक्याचं नाव काढा, तर मी सांगते, लिहून द्या, सही करा. मग कोणी सही करत नाही."

बाबासाहेबांनी आयोगाला स्वतःची माणसे दिली नाहीत, त्यांनी त्याला आपली माणसे दिली. तो विश्वास खरा ठरवणे आपल्या हाती आहे.

जयभीम!